त्या दिवशी तुम्ही आत गेला नाहीत

पत्र:

माझं बाळ २६व्या आठवड्यात झालं. वजन ८२० ग्रॅम. आता तो साडेचार महिन्यांचा आहे आणि एकदाही घरी आलेला नाही. आतड्याला संसर्ग होऊन पोटाचं ऑपरेशन झालं, फुप्फुसं नाजूक आहेत, ऑक्सिजन सुटत नाही, दूध नळीनेच जातं. दोनदा घरी सोडायची तारीख ठरली आणि दोन्ही वेळा इन्फेक्शन होऊन रद्द झाली. मी रोज सकाळी जाते, रात्री परत येते. सिस्टरच्या हातात तो शांत असतो, माझ्याकडे आला की कुरकुरतो आणि मशीन वाजायला लागतं. मला बघून कधी हसलेला नाही. माझं दूध तिसऱ्या महिन्यात आटलं. नवरा येतो, दारापाशी उभा राहून आकडे विचारतो आणि जातो. सासूबाई म्हणतात, फार जीव लावू नकोस. सहा वर्षांची मुलगी घरी आहे. तिने परवा विचारलं, बाळ मरणार आहे का? मला काही बोलता आलं नाही. गेल्या आठवड्यात एक दिवस मी हॉस्पिटलच्या गेटपर्यंत गेले आणि मागे फिरले. आत जाववलंच नाही. घरी येऊन झोपले. तेव्हापासून वाटतंय, मी आई नाहीच. त्याला कळतं का हो, मी त्याची कोण आहे ते?

– एक आई

उत्तर:

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. हो, त्याला कळतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही.

१९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोघांनी एक प्रयोग केला. जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं तर आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज यावा म्हणून आपली चोखण्याची लय बदलली. त्याआधी १९७५ मध्ये मॅक्फर्लेन यांनी दाखवलं होतं की आठवड्याभराची बाळं आईच्या दुधाचा वास असलेल्या कापडाकडे मान वळवतात, दुसऱ्या बाईच्या कापडाकडे तितकी वळवत नाहीत. ती बाळं पूर्ण दिवसांची होती, तुमचा मुलगा १४ आठवडे आधी आला, हे मला ठाऊक आहे. पण साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून बाळाचे कान काम करू लागतात. म्हणजे पोटात असताना थोडेच दिवस, आणि त्यानंतर साडेचार महिने काचेच्या पेटीच्या भिंतीतून आणि पाळण्याशेजारून, तो तुमचा आवाज ऐकतोय. सिस्टर पाळीपाळीने बदलतात, डॉक्टर बदलतात. रोज परत येणारा आवाज तुमचा आहे.

मग तो हसत का नाही? कारण त्याचं हसायचं वय अजून झालेलं नाही. तुम्ही त्याचं वय जन्मतारखेपासून मोजताय. वाढीसाठी ते ठरलेल्या तारखेपासून मोजायचं असतं, डॉक्टर त्याला करेक्टेड वय म्हणतात. साडेचार महिन्यांतून ते १४ आठवडे वजा करा. वाढीच्या हिशेबाने तुमचा मुलगा जेमतेम पाच-साडेपाच आठवड्यांचा आहे. समोरच्याला ओळखून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतं, आणि इतकं आजारपण झेललेल्या बाळाला त्याहून थोडा उशीर झाला तरी नवल नाही. हा हिशेब दोन वर्षांचा होईपर्यंत लक्षात ठेवा. पुढे मान धरणं, बसणं, चालणं, सगळ्याच बाबतीत लोक तुम्हाला जन्मतारखेवरून विचारणार आहेत. लसी मात्र जन्मतारखेच्या हिशेबानेच द्यायच्या असतात. त्या राहिल्या असतील तर डॉक्टरांना विचारा.

आता सिस्टरच्या हातातलं शांत होणं. हे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, पत्राच्या ओळींवरून कळतं. अशा कोवळ्या बाळाला हलका, फिरता हात सोसत नाही. आपण मायेने पाठीवरून बोटं फिरवतो, गालाला हळूच स्पर्श करतो, केसांवरून हात फिरवतो, आणि त्याच्या मज्जातंतूंना तो गोंधळ वाटतो. सिस्टरचा हात सरावाचा असतो. तो एकदा ठेवला की हलत नाही, पुरेसा घट्ट असतो आणि त्यात भीती नसते. तुमचा हात मात्र मॉनिटरकडे बघत थरथरत असणार, त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. हे शिकता येतं. एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने दोन्ही पाय पोटाशी मुडपून धरायचे, आणि मग काही करायचं नाही. चोळायचं नाही, थोपटायचं नाही. त्याचा श्वास संथ होईपर्यंत हात तसेच ठेवायचे. काढतानाही एकदम काढायचे नाहीत, आधी एक, थोड्या वेळाने दुसरा.

त्याची कुरकुर म्हणजे नकार आहे, असंही समजू नका. बोटं ताठ पसरणं, लागोपाठ उचक्या किंवा जांभया, नजर वळवणं, कपाळावर आठ्या, तोंडाभोवतीचा रंग बदलणं, ही त्याची ‘आता थोडं थांबा’ म्हणायची पद्धत आहे. हात तोंडाकडे नेणं, चेहरा सैल होणं, तुमच्याकडे एकटक बघणं, हे ‘चालू द्या’. एका वेळी एकच गोष्ट करा. बोलायचं तर फक्त बोला, धरायचं तर फक्त धरा. बोलणं, डोळ्यांत बघणं आणि झुलवणं हे तिन्ही एकदम त्याला अजून पेलत नाही. दोन आठवडे नीट बघितलंत तर तुमच्या बाळाच्या खुणा तुम्हाला सिस्टरपेक्षा आधी कळायला लागतील. तिच्याकडे इतरही बाळं असतात, तुमच्यासमोर हा एकच आहे.

त्या सिस्टरबद्दल मनात जे येतं त्याची लाज बाळगू नका. आपलं मूल दुसऱ्याच्या हातात निवांत बघून पोटात तुटणं अगदी साहजिक आहे. तिच्यापासून लांब राहण्याऐवजी तिच्याकडून शिकून घ्या. ‘तुम्ही त्याला कसं धरता ते मला दाखवा, आणि पुढच्या वेळी मी करीन, तुम्ही बाजूला उभ्या राहा,’ असं सरळ म्हणा. लंगोट बदलणं, ताप बघणं, तोंड पुसणं, नळीने दूध जात असताना त्याला छातीशी धरून बसणं, कूस बदलणं, यातलं काय काय तुम्ही करू शकता ते विचारा. बहुतेक वॉर्डांत ही कामं काही तासांनी एकत्र उरकतात, म्हणजे मधल्या वेळात बाळाला झोप मिळते. त्या वेळा लिहून घ्या आणि तुमचं जाणं त्यांना धरून आखा. दिवसभर खुर्चीत बसून झोपलेल्या बाळाकडे आणि हिरव्या रेघांकडे बघत राहण्यापेक्षा, तीन वेळा नेमकं हजर राहून त्याचं सगळं आपल्या हाताने करणं त्याच्याही फायद्याचं आहे आणि तुमच्याही. शक्य असेल तर ठरावीक दोन-चार सिस्टरच त्याच्याकडे असाव्यात, अशी विनंती इन्चार्ज सिस्टरना करा. लांबलेल्या मुक्कामात याने फार फरक पडतो, आणि ही मागणी अवाजवी नाही.

हे ठासून सांगण्याचं कारण असं की तुम्ही पत्रभर स्वतःला भेटायला येणारी बाई समजून लिहिलंय. एकेकाळी दवाखानेही तसंच समजत. मुलांना आजारपणात आठवड्यातले काही तासच आईवडील दिसायचे. १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने, आईवडिलांच्या भेटीवर वेळेची बंधनं नसावीत आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहता यावं, असं स्पष्ट सांगितलं. १९८७ मध्ये के. जे. एस. आनंद यांनी नवजात बाळांनाही वेदना पुरेपूर होतात, हे डॉक्टरांसमोर पुराव्यासह मांडलं. तोवर अनेक ठिकाणी बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत होत्या. आज टाचेतून रक्त घेताना बाळाला हातपाय मुडपून धरलं तर त्याला कमी दुखतं, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून पुढच्या वेळी रक्त घ्यायला कुणी आलं की बाहेर जायची गरज नाही. ‘मी धरते’ म्हणा. बघवत नसेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघा, सुईकडे नको. आणि खरंच सोसत नसेल तर बाहेर जा, टोचून झाल्यावर धरायला आत या. तेही चालतं.

मशीनबद्दल एक गोष्ट. त्याच्यासाठी ठरवलेली सॅच्युरेशनची, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाची, खालची आणि वरची मर्यादा काय आहे, आणि किती वेळ खाली राहिलं तर सिस्टर उठून येतात, हे एकदा विचारून घ्या. बरेचसे आवाज पायाला लावलेला सेन्सर हलल्यामुळे होतात. आवाज झाला की आधी बाळाकडे बघायचं. रंग ठीक आहे का, छाती वरखाली होतेय का. मग पडद्याकडे. ही सवय लागली की तुमचे हातही हळूहळू थरथरायचे थांबतील.

आता एका गोष्टीवर मला जरा थांबायचंय, कारण लांबलेल्या मुक्कामात ती बहुधा मागे पडते. तुमचं बाळ आजारी आहे, पण तेवढंच नाही. त्याचं बालपण चालू आहे, आणि ते सध्या हॉस्पिटलात चालू आहे. डॉक्टरांचं लक्ष फुप्फुसांवर आणि पोटावर असतं, ते तसंच असायला हवं. त्याला दिवस आणि रात्र वेगळे कळतायत का, हे बघणारं माणूस मात्र तुम्हीच. रात्री त्याच्याजवळचा उजेड कमी करता येईल का, विचारा. दिवसा जागा असेल तेव्हा काळ्यापांढऱ्या ठळक आकृतीचं एक चित्र चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा. त्याहून उत्तम, तुमचा चेहरा तितक्या अंतरावर आणा आणि तो बघेपर्यंत थांबा. रोज जाताना आणि येताना तेच एक वाक्य किंवा तीच गाण्याची ओळ म्हणा, म्हणजे त्याला सुरुवात आणि शेवट कळायला लागतो. परवानगी असेल तर जागेपणी थोडा वेळ तुमच्या छातीवर पालथा ठेवा, त्याने मानेला जोर येतो.

आणि तोंड. साडेचार महिन्यांत त्याच्या तोंडानाकाशी जे जे आलं ते बहुतेक त्रासदायक होतं. नळ्या, चिकटपट्ट्या, कफ ओढून काढणारं सक्शन. अशी बाळं पुढे दूध आणि अन्न तोंडाजवळ येताच मान फिरवतात, आणि मग घरी गेल्यावर आई हतबल होते. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्यापासून बसायला लागतो, पण फुप्फुसं दुखरी असतील तर त्याला पुष्कळ जास्त वेळ लागतो. त्यामुळे तो अजून नळीवर आहे, यात तुमचं काही चुकलेलं नाही. आत्ता करण्यासारखं एवढंच, की तोंडाच्या वाट्याला चांगलं काहीतरी येऊ द्यायचं. त्याची स्वतःची बोटं तोंडापर्यंत पोचू द्या. नळीने दूध जात असताना डॉक्टरांच्या संमतीने चोखायला द्या, म्हणजे चोखणं आणि पोट भरणं यांची सांगड बसते. चिकटपट्टी बदलून झाल्यावर लगेच निघू नका, गालावर तळवा ठेवून मिनिटभर बसा. गिळण्याचं प्रशिक्षण देणारे थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट त्याला बघतायत का, नसतील तर कधीपासून बघू शकतील, हे पुढच्या राउंडला विचारा. कुणी आपणहून सुचवेल म्हणून थांबू नका.

दुधाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर तुम्ही आधीच पुष्कळ रडला असाल. शेजारी बाळ नसताना, रात्रीबेरात्री उठून, भीतीने गोठलेल्या शरीरातून तीन महिने दूध काढणं ही फार मोठी गोष्ट आहे. आईचं दूध सगळ्यात जास्त लागतं ते सुरुवातीच्या आठवड्यांत, आतडं सगळ्यात कच्चं असतं तेव्हा. ते त्याला मिळालं. आता त्याला काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, आणि ते द्यायला मांडी तुमचीच असेल.

तारखांचं बघू. दोनदा ठरून मोडली, म्हणून तुम्ही आतून थकलात. तिसरी तारीख मागू नका. त्याऐवजी विचारा, ‘घरी जाण्याआधी काय काय व्हायला हवं?’ प्रत्येक ठिकाणची यादी थोडी वेगळी असते, पण साधारणपणे वजन स्थिर वाढणं, ऑक्सिजन सुटणं किंवा घरी देता येईल इतका कमी आणि स्थिर होणं, काही दिवस श्वास न थांबणं, दूध नीट पचणं, आणि घरच्या दोन माणसांना सगळी कामं येणं, हे त्यात असतं. ती यादी वहीत लिहा आणि एकेक ओळ पूर्ण झाली की खूण करा. इन्फेक्शन झालं तर तारीख पुसली जाते, पण तुम्ही नळीने दूध द्यायला शिकलात ही ओळ कुणी पुसू शकत नाही. नळी, ऑक्सिजन, सक्शन, श्वास थांबला तर द्यायचा सीपीआर, हे सगळं आत्तापासून शिकायला घ्या, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. घरी सोडण्याआधी एक-दोन रात्री तुम्ही दोघांनी बाळासोबत तिथेच राहून सगळं स्वतः करायचं, सिस्टर फक्त हाकेच्या अंतरावर, अशी सोय असेल तर ती जरूर घ्या.

डॉक्टर बदलले की बेत बदलतो, आणि दरवेळी नव्याने सांगावं लागतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर त्याची गोष्ट दहा ओळींत लिहून ठेवा: केव्हा झाला, काय ऑपरेशन, कोणत्या औषधाने काय झालं. राउंडला रोज दोनच प्रश्न: आज काय बदलताय, आणि का? आणि एकदा तरी, उभ्या उभ्या नाही, खुर्चीत बसून, दोघांनी मिळून मुख्य डॉक्टरांची वेळ मागा. तिथे विचारा की त्याच्यापुढे काय काय वाटा आहेत, चांगली आणि वाईट दोन्ही. तुम्ही हा प्रश्न अजून विचारला नाहीये, असं मला पत्रातून जाणवलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे असेल. ते पूर्ण खात्रीने सांगू शकणार नाहीत, पण रोज रात्री अंदाज बांधत बसण्यापेक्षा ऐकलेलं बरं.

सासूबाई म्हणतात, जीव लावू नकोस. त्या तुम्हाला वाचवायला बघतायत, त्यांनी आयुष्यात काय पाहिलंय कुणास ठाऊक. पण हा सल्ला पाळता येत नाही, आणि पाळून उपयोगही नाही. जीव लागून गेलाय, म्हणूनच तर तुम्ही गेटवरून परत आल्यावर आठवडाभर जळताय. आणि समजा, नको ते घडलंच, तर आधीपासून लांब राहिल्याने दुःख कमी होत नाही, फक्त त्या दिवसांत त्याला कुशीत घेतल्याची आठवण उरत नाही. त्यांना वाद घालून पटवू नका. ‘आई, मला तो हवाय, आणि तुम्हीही एकदा येऊन बघा,’ एवढं म्हणा. वॉर्डात आजीला परवानगी असेल तर न्या. तिथे त्याचं बोट धरलं की त्या पुन्हा असं म्हणणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. बाकी नातेवाइकांचे फोन बंद करा. एका माणसाला नेमा, बातमी त्याने सगळ्यांना सांगायची. ‘आज वजन किती?’ हे रोज दहा जणांना सांगण्याचं काम तुमचं नाही.

तुमचा नवरा आकडे विचारून जातो, त्याबद्दल तुम्ही रागाने लिहिलंय. मला त्यात घाबरलेला माणूस दिसतो. आकडा हातात धरता येतो, ८२० ग्रॅमचं बाळ धरवत नाही. त्याने बाळाला कधी उघड्या छातीशी घेतलंय का? ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. नंतर लक्षात आलं की ती नाइलाजाची सोय नाही, तो उपचार आहे. २०२१ मध्ये पाच देशांत झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी घेतलं तेव्हा मृत्यूंचं प्रमाण चतुर्थांशाने कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कमी वजनाच्या सगळ्या बाळांसाठी रोज ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं, असं घ्यावं म्हणून सांगितलं. तुमचा मुलगा त्या टप्प्याच्या पुढे आलाय, तरी छातीची ऊब त्याला अजून हवीच आहे, आणि छाती वडिलांचीही चालते. ऑक्सिजनच्या नळीसकट घेता येतं, सिस्टर मांडीवर ठेवून देतात. पहिल्यांदा तुम्ही तिथे असू नका. तुमच्यासमोर तो चुकायला घाबरेल. दोघांनी एकाच पद्धतीने रडायला हवं, असंही नाही. त्याला ‘तुला काय वाटतं?’ विचारलंत तर तो आकडाच सांगेल. ‘आज त्याने तुझं बोट पकडलं का?’ विचारा.

आणि मुलगी. तिचा प्रश्न ऐकून तुम्ही गप्प झालात, ते समजतं. पण ती उत्तर स्वतःच तयार करेल, आणि सहा वर्षांचं मूल जे उत्तर तयार करतं ते बहुतेक वेळा ‘माझ्यामुळे झालं’ असं असतं. मला भाऊ नको होता म्हणून, मी तेव्हा आईच्या पोटावर उडी मारली म्हणून. त्यामुळे आज रात्रीच तिला जवळ घ्या आणि म्हणा, ‘तू त्या दिवशी विचारलंस आणि मी बोलले नाही, कारण मला रडू आलं. बाळ खूप आजारी आहे. डॉक्टर आणि आम्ही सगळे त्याला बरं करायला बघतोय. तो मरणार का, हे आम्हाला नक्की माहीत नाही. काही वाईट झालं तर मी तुला खरं सांगेन. तो आजारी पडला यात कुणाची चूक नाही, तुझी तर नाहीच.’ ‘देवाघरी’, ‘झोपला’ असले शब्द वापरू नका, ती झोपायला घाबरेल. मग तिला उद्याचं सांगा: शाळेतून कोण आणणार, रात्री कोण झोपवणार. मुलांना याने सगळ्यात जास्त धीर येतो. तिने काढलेलं चित्र बाळाच्या पाळण्याजवळ लावा, त्याचा फोटो काढून तिला दाखवा. सर्दीखोकला नसेल आणि वॉर्डात भावंडांना सोडत असतील तर तिला एकदा न्या, पण आधी फोटो दाखवून नळ्या कशासाठी आहेत ते सांगा.

आता तो दिवस. तुम्ही गेटवरून परत आलात आणि झोपलात. तुमचं शरीर साडेचार महिने झोपेविना चाललं होतं, त्या दिवशी त्याने ऐकलं नाही. एवढंच घडलंय. बाळाच्या वाट्याला त्या दिवशी दूध, औषध, ऊब सगळं आलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. त्याची ओळख रोजच्या येण्यातून तयार होते, एका दिवसाच्या खाड्याने ती पुसत नाही. म्हणून मी असं म्हणेन, की तो दिवस आता ठरवून घ्या. दर आठवड्याला एक दिवस तुम्ही जायचं नाही. त्या दिवशी नवरा जाईल, एकटा, आणि बाळाला छातीशी घेऊन बसेल. तुम्ही सकाळी आणि रात्री एकेकदा वॉर्डात फोन करायचा, सिस्टरना आधीच सांगून ठेवायचं. मधला वेळ झोपेचा आणि मुलीचा. परत आल्यावर अपराधी वाटेल. वाटू द्या, दिवस बदलू नका.

पण एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तुमच्या ‘जाववलंच नाही’ या शब्दांत थकवा असू शकतो आणि आजारही. झोपायची संधी असूनही झोप लागत नाही, मशीनचा आवाज घरीही कानात वाजतो, ऑपरेशनचा दिवस पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालंय, मी नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं असं मनात येतं, यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य किंवा आघाताचा परिणाम असू शकतो. अशा वॉर्डात मूल असलेल्या आयांमध्ये ते बरंच आढळतं, वडिलांमध्येही. त्यासाठी एडिनबरा नावाची १० प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, १९८७ पासून जगभर वापरतात, पाच-दहा मिनिटं लागतात. वॉर्डातल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना ती तुम्हा दोघांकडून भरून घ्यायला सांगा. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आणि स्वतःला इजा करण्याचा विचार एकदा जरी आला, तरी वेळ बघू नका, त्याच क्षणी नवऱ्याला उठवा किंवा ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगा. त्या वॉर्डात तुमच्यासाठीही माणसं आहेत.

उद्या गेलात की पहिलं काम म्हणून त्या सिस्टरना विचारा, दुपारची पाळी कोणाची आहे आणि लंगोट किती वाजता बदलतात. तो तुम्ही बदलायचा. आणि आठवड्यातला सुट्टीचा वार कोणता, ते नवऱ्याशी आज रात्रीच ठरवा.